पाठीतले मूठभर पाणी

मित्रांनो, बंदरातल्या पाणबुड्यांच्या खोलीत दारामागे सात नंबरची खुंटी आहे. तिच्यावर एक काळा पोशाख लोंबतो. गुडघ्यांना ठिगळे, पाठीला दोन लांब शिवणी. तो मी. मला वेटसूट म्हणतात. आता माझे रबर कडक झाले आहे आणि वाकवले की कुरकुरते. कालपरवाचे काही विचारू नका, पण जुने सगळे आठवते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे टेबलाच्या टोकाला एक पुतळा उभा असे. रुंद खांदे, सपाट छाती, सरळसोट पाठ. त्याला डोके नव्हते आणि तो श्वासही घेत नव्हता. माझा प्रत्येक तुकडा त्याच्या अंगाला लावून पाहिला गेला. हा पुतळा कोणाच्या मापाचा, असे तिथे कोणी विचारत नसे. शेवटी माझ्या मानेत एक चिठ्ठी शिवली, ‘मध्यम’. मला त्या शब्दाचा भारी अभिमान वाटला. मध्यम म्हणजे सगळ्यांना येणारा, असे मी समजून बसलो.

माझे काम तसे सोपे. माणूस पाण्यात उतरला की थोडे पाणी माझ्या आत शिरते आणि अंगाच्या उबेने तापते. ते ऊबदार पाणी मी धरून ठेवायचे आणि बाहेरच्या गार पाण्याला आत फिरकू द्यायचे नाही. एवढेच. पण ते जमले नाही, तर माणूस आतून गारठत जातो.

पहिली नऊ वर्षे मी एका हसऱ्या पाणबुड्याच्या अंगावर होतो. काम करून आला की शीळ घालायचा, म्हणून सगळे त्याला शीळवाला म्हणत. जहाजांच्या पोटाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, धक्क्याचे खांब तपासायचे, हे आमचे काम. संध्याकाळी तो मला गोड्या पाण्याने धुवायचा आणि सावलीत वाळत घालायचा. “हा सूट नाही, माझी दुसरी कातडी आहे,” असे सगळ्यांना सांगायचा. त्याचे खांदे रुंद होते आणि पाठ सरळ. मला वाटायचे, हे सगळे माझेच कौतुक.

तो निवृत्त झाला आणि सात नंबरची खुंटी ताईला मिळाली.

आमच्या टोळीत पाण्यात उतरणारी ती पहिलीच बाई. पोहण्यात कुणाला हार जायची नाही, हातही कामाला चपळ. तिने मला चढवले आणि मला पहिल्यांदाच कळले की माणसाच्या पाठीला बाक असतो. छातीशी मी तिला आवळत होतो, पुरता श्वास घेऊ देत नव्हतो. कमरेशी मात्र मी पोकळ राहिलो. ती पाण्यात हात हलवायची तसे त्या पोकळीतले ऊबदार पाणी बाहेर जायचे आणि गार पाणी आत यायचे. उघड्या नळासारखे. मी खूप आवळून पाहिले. रबराला जेवढे जमते तेवढेच जमते.

नियम असा की एकदा उतरले की पाऊण तास काम करायचे. ताई पंचवीस मिनिटांत वर यायची, ओठ निळे. असे तीनदा झाले. उस्ताद, म्हणजे आमच्या टोळीचे प्रमुख, अंगाने काडीसारखे पण आवाजाने भारदस्त. ते म्हणाले, “थंडी मनाची असते, ताई. महिनाअखेर पाण्यात उतरणाऱ्यांची यादी लावायची आहे. एकदा तरी पाऊण तास पूर्ण कर. नाहीतर वर दोरी धरायला बस.”

दोरी धरणे म्हणजे कायमचे काठावर बसणे. ताईने मान हलवली. मी तिच्या अंगावर निथळत होतो. दोष माझा होता आणि बोलणी ती खात होती. मला तोंड असते तर तेव्हाच सांगून टाकले असते.

माझा गुडघा शिंपल्यांनी फाटला, म्हणून ती मला आत्याकडे घेऊन गेली. आत्या बंदराबाहेर बोटींची आच्छादने आणि पाणबुड्यांचे सूट शिवायची. स्वतः पाण्यात कधी घोट्यापलीकडे गेली नव्हती.

“घाल बघू अंगात,” आत्या म्हणाली.

“गुडघा फाटलाय गं. अंगात कशाला?”

“मी म्हणते म्हणून.”

ताईने मला चढवले. आत्या तिच्याभोवती एक चक्कर मारून मागे थांबली. तिने मूठ वळली आणि मानेमागची चेन थोडी उघडून, माझ्या आतून खाली कमरेपर्यंत नेली. सगळी मूठ आत मावली.

“ही माझी मूठ,” ती म्हणाली. “पाणी मुठीपेक्षा बारीक असतं.”

ताई मान वळवून पाठीकडे बघू लागली.

“मागून घे ना दुसरा. बायकांच्या मापाचा.”

“नको आत्या. वेगळं मागितलं की वेगळंच वागवतात. म्हणतील, आज कपडे वेगळे, उद्या काम वेगळं.”

“वेगळं कोण म्हणतंय? मापाचं म्हणतेय मी.” आत्याने खडू काढला. “हाच कापून देते.”

पण माझ्यावर बंदराचा शिक्का होता. उस्तादांनी परवानगी दिली नाही. “उद्या दुसऱ्या कुणाला लागला तर? पाण्याला बाई-पुरुष काही कळत नाही,” ते म्हणाले. गुडघ्याला ठिगळ घेऊन मी तसाच परत आलो.

यादीला चार दिवस उरले होते. सकाळीच एका बोटीच्या पंख्यात दोर अडकला. उस्ताद घाईने खोलीत आले आणि आपला समजून शेजारच्या खुंटीवरचा सूट ओढून निघाले. सगळे सूट काळेच. तो होता पहिलवानाचा, आमच्यातल्या सर्वांत आडव्या माणसाचा. सैल आहे हे त्यांना बोटीत चढवतानाच कळले असणार. पण चारचौघांसमोर उस्तादांनी ‘चुकलो’ म्हणून मागे कसे फिरायचे?

विसाव्या मिनिटाला ते वर आले. दात वाजत होते, बोटांना गाठ सुटेना.

पहिलवान अगदी साधेपणाने म्हणाला, “उस्ताद, थंडी मनाची असते ना?”

बोट हसली. ताई तेवढी हसली नाही. मी तिच्या अंगावर होतो, म्हणून मला ठाऊक आहे. तिने पिशवीतून थर्मास काढला आणि त्यातले कोमट पाणी हळूहळू उस्तादांच्या मानेतून सुटात ओतले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. थर्मासकडे बघत त्यांनी विचारले, “हे तू रोज आणतेस?”

“रोज.”

“आणि एका शब्दाने बोलली नाहीस?”

“बोलले असते तर त्याच दिवशी दोरीवर बसवलं असतंत.”

उस्तादांनी थर्मासचे झाकण घट्ट लावून दिले. मग म्हणाले, “आत्याला सांग, काप म्हणावं.”

मित्रांनो, कात्री जवळ आली तेव्हा मी घाबरलो. कापल्यावर मी ‘मध्यम’ राहणार नव्हतो. आत्याने पाठीतून दोन लांब पट्ट्या काढल्या. कडांना दोनदा रबराचा डिंक लावून वाळवला, कडेला कड दाबली आणि वाकड्या सुईने शिवले. सुई अर्ध्या जाडीतूनच फिरवायची, आरपार भोक पाडायचे नाही. काढलेल्या पट्ट्या तिने छातीच्या दोन्ही बाजूंना बसवल्या. काही वाया गेले नाही. होतो तो मीच, फक्त आता जिथल्या तिथे.

यादीच्या आदल्या दिवशी ताई धक्क्याच्या खांबाशी उतरली. ती पुरता श्वास घेत होती. पाठीत मूठभर पाणी शिरले, तापले आणि तिथेच राहिले. मी ते धरून ठेवले. वर दोरी उस्तादांच्या हातात होती. पाऊण तास झाला तेव्हा त्यांनी ती दोनदा ओढली, ‘वर ये’ म्हणून. ताईने एकदा ओढून उत्तर दिले, ‘थोडे काम उरले आहे’.

पुढच्या आठवड्यात उस्ताद स्वतःचा सूट घेऊन आत्याच्या दारात उभे राहिले. “जरा कमरेत बघाल का?”

“माप घ्यावं लागेल. हात वर.”

त्यांनी मुकाट्याने हात वर केले.

त्यानंतर मी ताईबरोबर अकरा वर्षे होतो. मध्ये एकदा खास बायकांसाठी म्हणून एक सूट आला. बाहेर गुलाबी पट्टा आणि आत तोच बिनडोक्याचा पुतळा. ताईने तो परत पाठवला आणि सोबत मापांचा कागद जोडला. पुढे खरोखरच बायकांच्या अंगाचे सूट येऊ लागले. तेव्हा मी खुंटीवर गेलो. सुरुवातीला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? कित्येक महिने मला कोणी धुतलेही नाही. मग एका सकाळी ताईने धूळ पुसली आणि पाठीच्या शिवणींवरून बोट फिरवले. आत्या तोपर्यंत गेली होती.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, आम्ही पुष्कळ वर्षे टिकतो. पण कोणी तुमच्यासमोर काकडत असेल, मागे पडत असेल, तर त्याला नाजूक म्हणण्याआधी त्याच्या अंगावर काय चढवले आहे ते एकदा बघा. आम्ही मापात नसलो तर तसे सांगू शकत नाही. आणि अंगावर घालणारी माणसेही पुष्कळदा सांगत नाहीत.

आता टोळीची उस्ताद ताईच आहे. आज सकाळी एक नवी मुलगी आली. नवाकोरा सूट घालून ती माझ्यासमोरच उभी होती. थंडी वाजते का, असे ताईने तिला विचारले नाही. वाजली तरी ती ‘नाही’ म्हणणार, हे ताईला ठाऊक आहे. तिने आत्यासारखी मूठ वळली आणि त्या मुलीच्या सुटातून कमरेपर्यंत नेऊन पाहिली.

मूठ कमरेशी अडली. ताई म्हणाली, “चल, उतर.”