कोलूच्या गमछ्यात बांधलेली कादंबरी

मी एक कादंबरी आहे, आणि जे सांगणार आहे ते मला नीट आठवतंय याची मला खात्री नाही. माझी सुरुवातीची पानं वाळवीने खाल्ली आहेत. मधली काही ओल धरून एकमेकांना चिकटली आहेत. त्याहून मोठी अडचण अशी, की माझ्या पोटात एक अख्खा ग्रह जळतो. त्यातली कोणती किंकाळी माझ्या पानांतली आणि कोणती पिपरटोल्यातली, याचा कधीकधी माझा मलाच गोंधळ होतो. तरी सांगते. निदान घडलं त्या क्रमाने सांगण्याचा प्रयत्न करते.

माझा जन्म चंद्रपूरच्या एका छापखान्यात झाला. मला लिहिणारे गृहस्थ आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना आकाशाची ओढ होती आणि भीतीही होती. त्यांनी माझ्यात ताऱ्यांमधली लढाई लिहिली. तारणी नावाच्या एका सुखी ग्रहावर दुसऱ्या सूर्याकडून एक हेर येतो. तो तिथे संसार थाटतो, सणावाराला सगळ्यांबरोबर जेवतो, आणि गावोगावी उंच खांबांवर काचेचे डोळे बसवतो. लोकांना सांगतो, हे तुमच्या रक्षणासाठी आहेत, वादळ आलं की आधी कळेल. लोक त्याचे आभार मानतात. खरं तर त्या डोळ्यांवरून ग्रहाचा ठावठिकाणा संहारक नावाच्या जहाजाला कळत असतो, आणि एक दिवस ते जहाज येऊन तारणीला जाळून टाकतं.

माझ्या प्रती फारशा खपल्या नाहीत. त्या गृहस्थांच्या पुतण्याने मला ताडोबाच्या सफारीला बरोबर आणलं आणि वाघ दिसल्याच्या आनंदात मला जिप्सीच्या सीटखाली विसरून गेला. जिप्सी चालवणाऱ्या पवनने मोहर्लीच्या गेटवर दोन-चार दिवस चौकशी केली. कोणी आलं नाही. मग तो मला घरी, पिपरटोल्याला घेऊन आला आणि बहिणीसमोर टाकून म्हणाला, "घे दीपाली. तुले वाचाले पायजे ना काही? जाडजूड हाये, उन्हाळा निघून जाईल."

दीपाली आश्रमशाळेत शिकून पुढे आरमोरीला कॉलेजात होती आणि सुटीत घरी आली होती. घरात बाप कोलू आणि आई सुकरी. दिवस तेंदूपत्त्याचे, विडीची पानं तोडायचे होते. फटफटायच्या आधी सगळे जंगलात पानं तोडायला जात आणि दुपारी मांडवाखाली बसून पानांचे पुडे बांधत. हात कामात गुंतलेले, कान मोकळे. त्या मोकळ्या कानांसाठी दीपाली मला मोठ्याने वाचू लागली. ती तेवढा वेळ पुडे बांधत नसे. तिच्या वाट्याचे पुडे सुकरी बांधायची आणि वर म्हणायची, "वाच वाच. माहे हात चालते तवरिक वाच."

इतकं मन लावून मला आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी दीपालीने जहाजाचं नाव घेतलं आणि कोलूने हातातला पुडा खाली ठेवला.

"नाव नको घेऊ त्याचं."

"बा, पुस्तकातलं जहाज हाये ते."

"पुस्तकातलं असो का जंगलातलं. नाव घेतलं का येते तो. मोठा म्हन."

त्या गावात जंगलात शिरल्यावर वाघाचं नाव कोणी घेत नाही. मोठा म्हणतात. सुकरी खळखळून हसली. "ह्या मानसाले जहाजाचंबी भेव वाटते. लग्नात बँडवाल्यानं बाजा वाजवला तं हा मांडवाच्या मागं जाऊन बसला होता. माह्या बापानं धरून आनला."

"तुले काऊन भेव नाई वाटत?" कोलू म्हणाला.

"तुह्यासंग इतके वर्सं काढले. आता कायचं भेव?"

दीपालीही हसली. पण पुढे वाचताना तिने जहाजाला मोठाच म्हटलं. मला आधी ते खटकलं. कोणी आपल्यातला शब्द बदलला की पुस्तकाला कसंसंच होतं. मग लक्षात आलं, की संहारक म्हटल्यावर कोणाच्या अंगावर काटा येत नव्हता आणि मोठा म्हटल्यावर मांडवातले सगळे हात थांबत होते.

आता त्या खांबाबद्दल सांगायला हवं. गावाच्या नाल्याकडच्या टोकाला एका कंपनीने लोखंडी खांब रोवून त्यावर कॅमेरा बसवला होता. वाघ समोरून गेला की तो ओळखतो आणि गावातला भोंगा वाजतो, असं गावाला समजावलं होतं. हिवाळ्यात तो वाजलाही होता, आणि दर वेळी नाल्याच्या रेतीत पंजे उमटलेले दिसले होते. तेव्हापासून बायका पहाटे अंगणात उभ्या राहून कानोसा घेत. भोंगा वाजला नाही की निघत.

"शिमग्यापासून वाजला नाई," सुकरी म्हणायची. "मोठा दूर गेला, पानी पाहाले."

कोलूला हे पटत नव्हतं. तो काय विचार करत होता हे मला हळूहळू कळत गेलं, आणि कळत गेलं तशी माझी पानं गार पडू लागली. एका दुपारी तो म्हणाला, "भोंगा वाजला का मोठा आलाच. नाई वाजला का नाई आला. मंग त्याले बोलावते कोन?"

"बा, तो आला म्हनून वाजते. वाजला म्हनून येत नाई."

"त्या तारनीवाल्यायलेबी असंच सांगतलं होतं."

दीपालीने कपाळाला हात लावला. "दादा, तूच समजावून सांग आता."

पवन पाणी पीत होता. तो म्हणाला, "मी रोज मानसाईले मोठा दाखवतो. बाले मी काय समजावू?"

त्यावर सगळेच हसले आणि विषय तिथेच राहिला. तो तिथे राहायला नको होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीपाली त्या प्रकरणापाशी आली जिथे हेराला आपल्या केल्याचा पस्तावा होतो. त्याला मुलगी झालेली असते. तो तिला मांडीवर घेऊन बायकोला सगळं सांगतो आणि शेवटी म्हणतो, "डोळा झाकला तर तारणी अजून वाचेल." प्रकरण तिथे संपतं. पुडेही संपले होते. दीपालीने काडी घालून मला मिटलं.

"मंग? झाकला का त्यानं?" कोलूने विचारलं.

"उद्या, बा. आता पुडे नेऊन द्याचे हायेत."

पुढचं प्रकरण अगदी छोटं आहे. वाचायला एक पुडा बांधण्याइतकाही वेळ लागला नसता. हेर डोळा झाकतो, पण उपयोग होत नाही. मोठा आधीच निघालेला असतो. डोळा उघडा असो की झाकलेला, त्याला आता वाट विचारायची नसते. हे मला माहीत होतं. पण पुस्तकाला स्वतःचं पान उलटता येत नाही.

त्या संध्याकाळी पुडे द्यायला मायलेकी गेल्या आणि कोलूने मला उचललं. त्याला वाचता येत नव्हतं, पण माझ्यात खांबावरच्या डोळ्याचं एक चित्र आहे, ते त्याने शोधून काढलं. मला काखेत मारून, दुसऱ्या हातात बांबूची शिडी ओढत तो नाल्याकडे गेला. खांबापाशी त्याने मला उघडून धरलं. एकदा चित्राकडे बघायचा, एकदा वर. वर एक डबा होता आणि त्याला गोल काळी काच. चित्र काढणाऱ्याने तो खांब पाहूनच काढलं असावं, इतकं ते सारखं होतं.  मग त्याने मला गवतात ठेवलं, शिडी लावली, खांद्यावरचा पिवळा गमछा काढला आणि त्या काचेवर दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारली.

खाली उतरल्यावर त्याने हात जोडले. कोणाला, ते मला दिसलं नाही. घरी येताना तो मला हळूच म्हणाला, "झाकला."

पहाटे सुकरी अंगणात उभी राहिली. भोंगा वाजला नाही. "चला," ती म्हणाली. कोलूही त्या दिवशी निश्चिंत होता. तो म्हणाला, "आज भेव नाई. जा तुमी, मी मागून येतो." इतक्या वर्षांत त्याने तिला आपल्याशिवाय पुढे जाऊ दिलेलं हे पहिल्यांदाच, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही.

जे झालं ते मी पाहिलेलं नाही. दीपालीच्या तोंडून ऐकलं, तेही तुकड्यातुकड्यात. माय वाकून पानं तोडत होती. मागे पळसाची झुडपं हलली. माय काही ओरडली नाही. ओरडल्या त्या बाकीच्या बाया. दीपालीच्या हातात पानं होती, ती तशीच घेऊन ती गावापर्यंत पळत आली आणि अंगणात पोचल्यावरही तिची मूठ उघडेना.

गाव जंगलाकडे धावलं. कोलू मात्र आधी खांबाकडे गेला. तो खाली उभा राहून वर बघत राहिला. त्याला शिडी आणायचंही सुचलं नाही. दीपालीने त्याला तिथे पाहिलं, मग वर बांधलेला गमछा पाहिला. वनरक्षक पोचायच्या आत तिने शिडी आणून तो सोडवला आणि पदराखाली घेतला.

वनरक्षकाने मांडवात बसून सगळ्यांना विचारलं, "कॅमेऱ्याले कोनी हात लावला होता का?"  दीपालीने त्याला पाणी दिलं.   कोलूला दिलेलं पाणी सांडलं, आणि लोक म्हणाले, बिचारा, बायको गेली.

त्या दिवसानंतर मला कोणी वाचलं नाही. दीपालीने मला त्याच गमछ्यात बांधून आढ्याजवळच्या कोनाड्यात ठेवलं. बापाला एवढंच म्हणाली, "तुमचा गमछा वर ठेवला." तो समजला. त्याने पुन्हा खांद्यावर कधी कापड घेतलं नाही, थंडीतसुद्धा नाही. जिथे सुकरी पडली तिथे येणारा-जाणारा एक डहाळी टाकतो, तशी रीत आहे. कोलू रोज जाऊन टाकायचा. ढीग पुरुषभर उंच झाला तरी टाकत होता.

माझ्या भीतीचं काय सांगू? कोनाड्यात मला दिवसरात्र एकच वाटायचं, की हे मी केलं. माझ्या अर्ध्याच वाचलेल्या गोष्टीने त्या माणसाला शिडी लावायला लावली.

काही वर्षांनी कोलू अंथरुणाला खिळला. एका दुपारी त्याने दीपालीला जवळ बोलावलं.

"पोरी, त्या पुस्तकात पुढं काय झालं? डोळा झाकला, मंग वाचली का ते तारनी?"

दीपालीने पुढचं वाचलंच नव्हतं. तिने माझ्याकडे, कोनाड्यातल्या त्या पिवळ्या गाठोड्याकडे पाहिलं. बापाला बरं वाटावं म्हणून ती म्हणाली, "वाचली, बा."

त्याने कोनाड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग माही काऊन नाई वाचली?"

 त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पुढच्याच पानावर. चार दिवसांनी तो गेला.

आता माझी बांधणी सुटली आहे. दीपालीने मला खाली काढलं आहे आणि ती रोज थोडं वाचते, मनातल्या मनात. ते छोटं प्रकरण वाचलं त्या दिवशी ती उठून बाहेर गेली आणि उशिरा आत आली. माझं मागणं फार नाही. मला वाळवीला द्या, रद्दीत द्या, पण कोणाला वाचून दाखवायला घेतलंत तर अर्ध्यात मिटू नका. ऐकणारा माणूस उरलेलं स्वतःच्या भीतीने पुरं करतो.

तिने मला खाली का काढलं, तेही सांगते. गेल्या उन्हाळ्यात निकेश नावाचा एक तंत्रज्ञ खांबावर नवा कॅमेरा बसवायला आला आणि चहाला आमच्या मांडवात टेकला. बोलता बोलता तो म्हणाला, या खांबावरचं जुनं मशीन बिघडलं म्हणून होळीतच काढून नेलं होतं, ते परत बसवलंच नाही, कोणाला न सांगता डबा आणि काच तेवढी वर राहू दिली. कोणती होळी, ते दीपालीने त्याला दोनदा विचारलं. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. तिने पवनला पाठवून मोहर्लीला कंपनीच्या जुन्या माणसांकडे विचारून घेतलं, आणि त्यांनीही तेच सांगितलं. सुकरी गेली त्या उन्हाळ्याच्या आधीची होळी. कोलूने गमछा बांधला तेव्हा तो डबा रिकामा होता.