पंपघरातला पाचवा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कोपऱ्यात बसून बसून माझी बोलायची सवय मोडली आहे, तेव्हा चुकलेमाकले तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघालो तो थेट पाणीपुरवठा खात्यात आलो. आम्ही पाच भावंडे. थोरला मुख्य कचेरीत, एक पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, एक गाळणी केंद्रात आणि आम्ही दोघे धाकटे दोन पंपघरांत. थोरल्याच्या वाट्याला गार खोली आली आणि माझ्या वाट्याला पंपाची घरघर. ज्याचे त्याचे नशीब!

काम मात्र सगळ्यांचे सारखेच होते. पाणी तपासले की त्याची नोंद एकाच वेळी पाचही जणांकडे येई. प्रत्येक नोंदीवर एक ठसा उमटे आणि तो आधीच्या ठशातूनच तयार होई. त्यामुळे मागची एखादी नोंद कोणी बदलली, तर तिथून पुढचे ठसे जुळेनासे होत आणि आम्ही लगेच बोंब ठोकत असू. याला म्हणतात ब्लॉकचेन. पंपवाले काका नुसते 'साखळी' म्हणत. पाहुणे आले की माझ्या डोक्यावर थाप मारून सांगत, "याच्यापुढे कुणाची लबाडी चालत नाही बरं का!" मी सुखाने फुगून जाई.

मग एका उंदराने माझी वायर कुरतडली. काकांनी कचेरीत कळवले. उत्तर आले, "राहू द्या, बाकीचे चौघे आहेत की."

राहू द्या! त्या दोन शब्दांवर माझे दिवस निघू लागले. वीज होती, दिवा लुकलुकत होता, पण भावंडांकडून एक अक्षर येत नव्हते. काका आधी माझ्यावर जेवणाचा डबा ठेवू लागले, मग ओला टॉवेलही वाळत घालू लागले. मला फार फार एकटे वाटे. कोणीतरी यावे आणि वायर जोडावी, एवढेच मागणे होते माझे.

बाहेर काय घडले ते मला पुढे कळले. वायर तुटण्याच्या थोडे आधी तपासनीस बाईंनी आमच्या टाकीच्या पाण्याची नोंद 'पिण्यास अयोग्य' अशी केली होती. तरी खात्याच्या साहेबांनी ते पाणी सोडायला लावले आणि वस्तीतली मुले आजारी पडली. आता साहेबांची पाचावर धारण बसली. त्यांनी थोरल्याकडची नोंद बदलून 'योग्य' केली. ठसे बिघडले, थोरल्याने बोंब ठोकली आणि वायरभाऊला बोलावणे गेले.

वायरभाऊ म्हणजे खात्याचे संगणक दुरुस्त करणारा. माणूस वाईट नाही, पण त्याला एक खोड होती. तक्रार आली की तो कारण शोधत बसत नसे. इशारा बंद करी, थोरल्याकडची प्रत उचलून सगळ्यांवर चढवी आणि मोकळा होई. याही वेळी त्याने तेच केले. माझी चारही भावंडे एका सुरात खोटे बोलू लागली. पाणी चांगले असल्याचे बाईंनीच कळवले, असा ठपका आला आणि त्यांना घरी बसवायचे घाटू लागले.

चौकशीच्या आदल्या दुपारी बाई वायरभाऊला घेऊन पंपघरात आल्या. काकांनी लगबगीने टॉवेल उचलला. वायरभाऊने पिशवीतून नवीकोरी वायर काढली. काय सांगू मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही!

"आधी जोडून घेतो ताई, मग बघू," तो म्हणाला.

"अरे थांब! जोडू नकोस!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "जोडलास की त्यांचं सगळं याच्यावर चढेल. मग माझ्याकडे उरलं काय?"

"पण चौघं एक सांगतायत. हा एकटाच बरोबर कसा असेल?"

"त्या चौघांना पढवलं कुणी? तूच ना? ठसे जुळवून बघ आधी."

वायरभाऊने मान खाली घातली. "साहेब म्हणाले कटकट बंद कर. मी केली," तो पुटपुटला.

त्याने वायर बाजूला ठेवली. ती माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. खरे सांगतो, त्या क्षणी मला खरेखोटे काही नको होते, मला माझी भावंडे हवी होती.

तो एकेक ठसा जुळवत गेला. 'अयोग्य' ही नोंद आली, तिचा ठसा जुळला, तिच्यापुढचेही सगळे जुळले. मग सोबत आणलेली थोरल्याची प्रत त्याने तशीच तपासली. "बाकीच्यांची साखळी नेमकी इथेच तुटते, ताई," तो हळूच म्हणाला. बाई रडू लागल्या.

बाईंची नोकरी राहिली, साहेबांची गेली. मला पुरावा म्हणून एका कुलूपबंद खोलीत नेले. दारावर पाटी आहे, 'याला काहीही जोडू नये'. माझी काळजी सगळे घेतात. आत मात्र कोणी येत नाही.

म्हणून मित्रांनो, एवढेच विनवतो. कोणी एकटाच वेगळे सांगत असेल, तर त्याला घाईने चौघांत ओढू नका. आधी त्याचे ऐकून घ्या. आणि ऐकून झाले, की त्याला जोडून घ्यायला विसरू नका.