गाडी घसरवायला शिकताना

डॉक्टर श्यामला हळदीकर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शमशुद्दीन मिस्त्रीच्या गॅरेजात जीप घेऊन आल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि त्यांना उभ्या उभ्या झोप येत होती. मुरगूडच्या बाजूला एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात त्या सहा वर्षं एकट्याच डॉक्टर होत्या. ड्रायव्हर कृष्णात छातीच्या दुखण्यानं घरी बसला आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. अर्ज झाले, स्मरणपत्रं झाली. शेवटी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्या स्वतःच गाडी चालवायला लागल्या. सकाळी दवाखाना, दुपारी आसपासची गावं, आणि एखादी बाई अडली की तिला जीपमध्ये घालून थेट कोल्हापूर. असं आठ महिने चाललं होतं.

मिस्त्री जीपच्या मागं जाऊन वाकला. पंचावन्न-छप्पन्नचा, उंच, एका गुडघ्यात अधू. पूर्वी लष्करात ट्रक चालवायचा.

"बाई, मागनं लईच चेपलीया की. कुणी ठोकली?"

"कुणी नाही. रस्ता निसरडा होता. निम्म्या वाटेवरच्या वळणावर चरीत गेली."

"घसरली तवा काय केलासा?"

"काय करणार? ब्रेक दाबला."

मिस्त्री सरळ झाला. फडक्याला हात पुसत राहिला. मग म्हणाला, "रविवारी कोल्हापुरातच असता न्हवं तुमी? उजळाईवाडीच्या माळावर या चार वाजता. माझी जुनी जीप हाय. घसरायचं कसं ते दावतो."

"घसरायचं नाही, हे शिकवा."

"घसरायचं न्हाई असं कुठं असतंय, बाई? पावसुळ्यात समदंच घसरतंय."

श्यामलाबाईंना हसू आलं नाही. रविवार हा त्यांचा झोपायचा दिवस. थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, यायचं, जेवायचं आणि संध्याकाळपर्यंत आडवं व्हायचं. पण जीप चरीत गेल्यापासून, गेल्या महिनाभरात, त्यांना दुपारीही झोप लागेनाशी झाली होती.

तो दिवस असा. बायडाबाई नावाची तेवीस वर्षांची बाई, पहिलटकरीण, मूल आडवं. दुपारी दोनला तिला जीपच्या मागच्या बाकावर निजवलं. सासू चिमणाबाई पुढं बसली. निम्म्या वाटेत एका वळणावर बैलगाड्यांनी शेतातला चिखल डांबरावर आणून टाकला होता. जीपची मागची बाजू एकदम उजवीकडं सरकली. श्यामलाबाईंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं आणि सगळ्या अंगाचं वजन ब्रेकवर टाकलं. जीप गर्रकन फिरली आणि मागून चरीत उतरली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण ट्रॅक्टर मिळून जीप वर निघेपर्यंत अडीच तास गेले. बायडाबाई वाचली. मूल मात्र पोटातच गेलं.

सगळे म्हणाले, रस्त्याचा दोष. वरच्या कार्यालयाला गेलेल्या अहवालातही तेच होतं. तो श्यामलाबाईंनीच लिहिला होता.

पहिल्या रविवारी माळावर पाऊस नव्हता, पण तांबडी माती भिजून लोण्यासारखी झाली होती. मिस्त्रीनं मधोमध एक जुना टायर टाकला.

"ह्याच्याभवती गोल फिरायचं. दुसरा गिअर. मी 'दाबा' म्हटलं की अ‍ॅक्सिलेटर दाबायचा. गाडीचं शेपूट भाईर पळंल. पळू दे. ज्या बाजूला शेपूट गेलं, त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं. आन् ब्रेकला हात... न्हाई, पाय लावायचा न्हाई."

"दाबा!" तो ओरडला. शेपूट पळालं. श्यामलाबाईंचा पाय त्यांना न विचारताच ब्रेकवर गेला. जीप गिरकी घेऊन उलट्या तोंडानं उभी राहिली.

पुन्हा. पुन्हा तेच. सातव्यांदा मिस्त्री खाली उतरला, कुठूनतरी लाकडाचा एक ठोकळा घेऊन आला आणि ब्रेकच्या पेडलखाली ठोकून बसवला.

"हे काय करताय?"

"आता दाबा किती दाबायचा त्यो. हँडब्रेक माझ्या हातात हाय. भिऊ नकासा."

ठोकळ्यावर पाय आपटून आपटून त्यांची पोटरी दुखायला लागली. घरी गेल्यावर अक्का म्हणाली, "साडीला हा चिखल कसला? आणि तोंड असं का झालंय तुझं?"  भात कालवता कालवता श्यामलाबाईंचे डोळे मिटत होते.

दुसऱ्या रविवारी जायचंच नाही असं त्यांनी ठरवलं होतं. आदल्या दिवशी कुटुंबनियोजनाचं शिबिर झालं होतं, एकवीस शस्त्रक्रिया. तरी चार वाजता त्या माळावर होत्या. का आलो, हे त्यांना सांगता आलं नसतं.

"नजर कुठं हाय तुमची?" मिस्त्री विचारत होता.

"टायरवर."

"मग टायरवरच जाणार गाडी. जिकडं जायाचंय तिकडं बगा. त्या बाभळीकडं. हात आपोआप नजरंमागनं जात्यात."

त्या दिवशी पाय चार वेळाच ठोकळ्यावर गेला. पण स्टिअरिंग उशिरा फिरायचं, नाहीतर जास्त फिरायचं, आणि जीप दुसऱ्याच बाजूला फेकली जायची. मिस्त्रीचं डोकं दर वेळी दारावर आपटायचं आणि दर वेळी तो म्हणायचा, "बरं हाय, बरं हाय." शेवटी तोही दमला. दोघं जीपच्या पायरीवर बसली. त्यानं थर्मासमधला चहा ओतला.

"लष्करात किती दिवसांत शिकलात?"

"दोन हिवाळं. डोंगरात, बर्फावर. पयल्या वर्साला एक ट्रक घालवला म्या. आत कोण न्हवतं, नशीब." तो गुडघा चोळत राहिला. "हितं कुणाला शिकवलं न्हाई कवा. पोरं येत्यात, त्यास्नी नुसती जोरात पळवायला पायजे असती. शिकायचं म्हटलं की कट्टाळत्यात."

तिसऱ्या रविवारी ते जमलं. कसं, ते त्यांना कळलंच नाही. मिस्त्री "दाबा" म्हणाला, शेपूट बाहेर गेलं, नजर बाभळीकडं गेली आणि हात आधीच फिरलेले होते. जीप आडवी चालली होती. बाभूळ समोरच्या काचेतून न दिसता बाजूनं दिसत होती. अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय किंचित उचलला की शेपूट आत यायचं, किंचित दाबला की बाहेर जायचं. अर्धा फेरा, मग पाऊण फेरा. चिखलाचे फवारे मागं उडत होते. मग त्यांनी हळूच स्टिअरिंग सैल सोडलं आणि जीप आपणहून सरळ झाली, गोठ्याकडं वळलेल्या जनावरासारखी.

"व्हय!" मिस्त्री ओरडला. "ह्येच! ह्येच की!"

त्यांनी आणखी सहा वेळा ते केलं. पाच वेळा जमलं. मग इंजिन बंद करून त्या बसून राहिल्या. आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी वर आलं.

"मिस्त्री, खरं सांगा. त्या दिवशी मी ब्रेक दाबला नसता तर?"

मिस्त्रीनं बाहेर बघितलं. "स्टिअरिंग फिरवलं असतं तर सरळ झाली असती. वळण लई मोठं न्हाई त्ये. मला ठावं हाय." मग म्हणाला, "पर तुमाला कुणी शिकवलं न्हवतं, बाई."

"हो," श्यामलाबाई म्हणाल्या. "ते बरोबर आहे."

पुढच्या रविवारी त्या माळावर गेल्या नाहीत. बायडाबाईच्या गावाला गेल्या. बायडाबाई अंगणात शेंगा निवडत होती. डॉक्टरीणबाई आलेल्या बघून ती उठली, पदर सारखा केला, आणि चिमणाबाई घोंगडं आणायला आत गेली.

श्यामलाबाई बसल्या नाहीत. बसलो तर बोलता येणार नाही असं त्यांना वाटलं.

"बायडाबाई, त्या दिवशी रस्त्याची चूक नव्हती. गाडी घसरली तेव्हा मी ब्रेक दाबला. तो दाबायचा नसतो. दाबला नसता तर गाडी चरीत गेली नसती. मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत झालं, म्हणून सांगायला आले."

बायडाबाई परत खाली बसली. हातातली शेंग तिनं फोडली, दाणे सुपात टाकले.

"ह्ये मला कशाला सांगितलासा?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "म्या म्हणत हुते, देवाच्या मनात न्हवतं. तसं म्हणून निजत तरी हुते. आता रोज तुमचा पाय डोळ्याम्होरं येणार."

 चिमणाबाई घोंगडं हातात घेऊन दारातच उभी राहिली. "आता जावा तुमी, बाई," ती हळू आवाजात म्हणाली. "तिला जरा बसू दे."

परतताना श्यामलाबाईंना कळलं की माफी मिळावी म्हणूनच आपण आलो होतो, आणि ती मागायची जागा ही नव्हती. आपलं ओझं उतरवायला गेलो आणि तिच्या डोक्यावर ठेवून आलो. सगळी वाट त्यांनी जीप बैलगाडीच्या चालीनं चालवली.

पाऊस संपेपर्यंत त्या माळावर जात राहिल्या. मिस्त्री काही विचारायचा नाही. ठोकळा पाचव्या रविवारीच निघाला होता. उजवीकडचं जमलं, मग डावीकडचं, मग उतारावरचं. दिवाळीनंतर एकदा उसाची मळी सांडलेल्या रस्त्यावर त्यांची जीप खरोखरच घसरली. मागं दोन पेशंट आणि नर्स होती. हात फिरले, जीप सरळ झाली. नर्स वही चाळत होती, तिनं मान वर केली नाही. त्यांनीही कोणाला सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये बायडाबाई दवाखान्यात आली. आठवा महिना. तपासून झाल्यावर ती टेबलावर तशीच बसून राहिली.

"म्या तुमच्या गाडीत बसणार न्हाई," ती म्हणाली.

"नको बसू," श्यामलाबाई म्हणाल्या. "आधीच येऊन राहा. माझ्या खोलीत राहा. मूल सरळ आहे आता, पण ऐनवेळी धावपळ नको. कोल्हापूरला जावं लागलं तर एसटी दारातून जाते, ती थांबवू."

बायडाबाईनं विचार केला. "सासूला इचारते," म्हणाली आणि निघून गेली. ती येणार नाही असंच श्यामलाबाईंनी धरलं. पण पंधरा दिवसांनी एका सकाळी ती बोचकं घेऊन पायरीवर उभी होती. नवरा तिला पोचवून गेला होता.

ती अकरा दिवस राहिली. दोघींचं बोलणं थोडंच व्हायचं. श्यामलाबाई गावं फिरून आल्या की बायडाबाई चूल पेटवून भाकरी थापत असायची. नको म्हटलं तरी ऐकायची नाही.

एका संध्याकाळी श्यामलाबाई चपला न काढता भिंतीला टेकून बसल्या. तव्यावरून नजर न काढता बायडाबाई म्हणाली, "एवढी गावं एकलीच हिंडतासा. दुसरा डागतर का देत न्हाईत तुमास्नी?"

"मागितलाय."

"मग?"

"देतील."

"कवा, तुमी मेल्यावर?" बायडाबाई म्हणाली आणि भाकरी उलटली. श्यामलाबाई हसल्या. किती महिन्यांनी, ते त्यांना आठवेना. बायडाबाई हसली नाही, पण पहिली भाकरी तिनं त्यांच्या ताटात टाकली.

बाराव्या दिवशी दुपारी तिला मुलगी झाली. साडेसहा पौंडांची. सगळं दवाखान्यातच झालं, एसटी थांबवावी लागली नाही. चिमणाबाई निरोप मिळताच आली, नातीला मांडीवर घेऊन तोंडानं काहीबाही पुटपुटत राहिली. बायडाबाईचे डोळे मिटलेले होते. तिच्या हाताला सलाईन लागलं होतं. ती जागी होती की नाही, कळत नव्हतं.

"बाई," ती डोळे न उघडताच म्हणाली, "त्यो पाय अजून येतुया माझ्या डोळ्याम्होरं."

"माझ्याही," श्यामलाबाई म्हणाल्या.

बायडाबाईनं मान हलवली, आणि कूस बदलून झोपली.

श्यामलाबाईंनी हात धुतले, केसपेपर पुरा केला. बाहेर व्हरांड्यात कबनूरकडून माहेरी आलेली एक बाई तापलेलं मूल घेऊन बसली होती, तिच्या मागं आणखी सातजण. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"या," त्या म्हणाल्या. "किती दिवस झाले ताप येऊन?"