माझ्यातल्या बाळाची पाच नावं

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे, फणसाच्या लाकडाचा, आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. पाळण्याला डोकं नसतं हे मलाही ठाऊक आहे. पण माझ्यासमोर गेल्या काही महिन्यांत जे चाललं होतं ते पाहून दगडाचंही फिरलं असतं.

गोव्यातल्या साखळी गावच्या विठू मेस्त या सुतारांनी मला घडवलं. माझे दांडे त्यांनी हातानं कातले आणि चार कोपऱ्यांना लोखंडी साखळ्या लावल्या. एका खात्यापित्या घरात मी सात मुलं झोपवली. ती मोठी झाली, कामधंद्यासाठी पांगली, आणि मी कांदे ठेवायच्या कामाला लागलो. होय, कांदे! शेवटी घरातल्या सुनेला माझी दया आली आणि तिनं मला डिचोलीतल्या या शिशुगृहात आणून दिलं. इथं आईबापाविना राहिलेली तान्ही बाळं असतात. आल्या दिवशीच एक बाळ माझ्यात झोपलं आणि मी कांद्यांचा वास विसरलो.

इथं बाळांचं सगळं चंद्रावतीमावशी पाहते. ती मूळची दोडामार्गकडची, लग्न होऊन डिचोलीत आलेली. कामापुरती ती मावशी. बारशाला मात्र ती प्रत्येक बाळाची आत्या होते. बाळाला माझ्यात ठेवायचं, वाकून त्याच्या कानात नाव सांगायचं आणि मग बाकीच्या बायांनी तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालायचे, ही रीत तिनं एकाही बाळाची चुकवली नाही. दहा महिन्यांपूर्वी असंच एका इवल्याशा मुलीच्या कानात तिनं सांगितलं, गौरवी. मी साक्षीला होतो. नाव एकदाच ठरलं आणि ते छान होतं.

मग पाहुणे यायला लागले.

परदेशातल्या चर्चमधून सेवेसाठी येणारी ही मंडळी. एक गट पंधरा दिवस राहतो, तो गेला की महिना-दीड महिन्यानं दुसरा येतो. माणसं वाईट नाहीत हो. स्वखर्चानं येतात, डास चावून घेतात, आमचं तिखट खाऊन डोळे पुसतात. पण त्यांना सगळ्यांना एकच काम हवं असतं, ते म्हणजे बाळ उचलून घेणं. बाटल्या उकळायला कुणी येत नाही, लंगोट धुवायला कुणी येत नाही. बाळ घ्यायला मात्र रांग!

पहिल्या गटाला गौरवी म्हणायला जड गेलं, म्हणून त्यांनी तिचं नाव रोझी ठेवलं आणि तशी फीत माझ्या दांड्याला बांधली. दुसऱ्या गटानं होप ठेवलं. तिसऱ्या गटानं एंजल ठेवलं, शिवाय मला गुलाबी रंग फासला. फणसाच्या सोन्यासारख्या लाकडाला गुलाबी रंग! एवढ्यावर थांबले असते तरी मी गप्प बसलो असतो. पण माझ्या कड्या करकरतात म्हणून त्यांनी साखळ्यांना भरपूर तेल घातलं. त्या करकरीवर सगळी बाळं झोपत असत. माझा होता नव्हता तो आवाजही गेला.

मित्रांनो, त्या मुलीच्या जागी जरा स्वतःला ठेवून पाहा. पंधरा दिवस एक चेहरा आपल्याला छातीशी धरतो, गाणी म्हणतो, कडेवर झोपवतो. सोळाव्या दिवशी तो गायब. मग दुसरा, मग तिसरा. पहिल्यांदा ती खूप रडली. दुसऱ्यांदा थोडं रडली. तिसऱ्यांदा रडलीच नाही. कुणी काहीही हाक मारली तरी छताकडे बघत पडून राहायला शिकली. सगळे म्हणाले, किती शांत बाळ आहे! मला ते ऐकून संताप यायचा.

चौथा गट आला त्याच आठवड्यात फोंड्याहून प्रज्योत आणि तेजस्विनी हे जोडपं आलं. गौरवीला दत्तक घेण्यासाठी त्यांची निवड झाली होती. त्यांनी तिच्यासाठी पिवळं झबलं आणलं होतं. तपासणीसाठी डॉक्टर निलेश आले. त्यांनी तिच्या मागे उभं राहून "गौरवी" अशी हाक मारली. ती हलली नाही. पुन्हा मारली. ती आपली छताकडे बघतेय.

"नावाला प्रतिसाद नाही," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "ऐकू येत नसावं. पंधरा दिवसांनी पुन्हा बघतो, नाहीतर मोठी तपासणी करावी लागेल."

"डागतर, ता भयरा नाय," चंद्रावतीमावशी पुढे झाली. "सकाळी पोदेराचो भोंगो वाजलो की जनेलाकडे मान फिरवता."

"मावशी, मला जे दिसतं तेच लिहावं लागतं."

"आणि भयरा असला तरी माझाच," मावशी म्हणाली.

प्रज्योतनं झबल्याची पिशवी हातात घट्ट धरली. "आम्ही घरी विचार करून सांगतो," असं म्हणून तो उठला. तेजस्विनी मात्र दारापर्यंत मागे वळून वळून बघत होती. पाववाल्या पोदेराचा भोंगा आणि खिडकीकडे वळणारी मान मी रोज पाहत होतो. पण मला विचारतो कोण? आणि करकरून सांगावं तर साखळ्यांत तेल!

त्याच दुपारी नव्या गटातल्या एकीनं माझ्यावर लिली नावाची फीत बांधायला घेतली, आणि दुसरी मला रिकामाच हलवू लागली, फोटोसाठी. रिकामा पाळणा आमच्याकडे कुणी हलवत नाही. मावशीनं येऊन माझा दांडा धरला.

"रिकामो पाळणो हलवतंस कित्याक गो?" तिनं विचारलं. मग एकेक फीत सोडून सुलोचनाताईंच्या टेबलावर नेऊन टाकली. सुलोचनाताई म्हणजे आमच्या शिशुगृहाच्या प्रमुख. "बघा ताई. रोझी, होप, एंजल, आणि आता ह्या लिली. आठ म्हयन्यात माझा एक आणि ह्यांची चार! ता चेडू कोणाच्या हाकेक बघतला?"

"चंद्रावती, पाहुणे इतक्या लांबून येतात. त्यांचं मन कसं मोडायचं?"

"आणि चेडवाचा मोडला ता?"

सुलोचनाताईंनी चारही फिती एकेक करून वाचल्या. मग त्यांनी गटाला बोलावलं आणि इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. आजपासून बाळाला फक्त मावशी आणि तिची मदतनीस श्रद्धा घेतील. हाक एकाच नावानं. पाहुण्यांनी लंगोट धुवायचे, बाटल्या उकळायच्या, खिडक्या पुसायच्या.

पाहुण्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. दोघी तर बीचवर निघून गेल्या. मार्था नावाची एक उंच, नाकावर ऊन लागून लाल झालेली मुलगी तेवढी थांबली. तिनं बाह्या वर सारल्या आणि लंगोटांची बादली उचलली. पहिल्या दिवशी साबण इतका घातला की नळाखाली फेसाचा डोंगर झाला आणि मावशीनं कपाळावर हात मारला. चौथ्या दिवशी मावशी तिला पोयीच्या पावासोबत चहा देऊ लागली.

चौदा दिवस हे चाललं. बाटली देण्यापूर्वी "गौरवी", लंगोट बदलताना "गौरवी", झोपवताना "गौरवी". चेहरे दोनच आणि नाव एकच. माझेही कान किटले, खोटं कशाला बोलू? गौरवी मात्र छताकडेच बघायची. बाराव्या दिवशी मावशी माझ्या दांड्यावर डोकं टेकून रडली. तिला तसं बघून मलाही रडू फुटलं असतं.

जायच्या दिवशी मार्था माझ्याजवळ आली. "घेतंस?" मावशीनं हातांनी खूण करून विचारलं. मार्थानं नकारार्थी मान हलवली. हात पाठीमागे बांधून ती उभी राहिली आणि म्हणाली, "गोरावी." उच्चाराचा पार चुराडा. मावशी हसू लपवायला वळली, मार्थाही डोळे पुसत निघाली, आणि त्याच क्षणी गौरवीनं मान वळवून दाराकडे पाहिलं. दोघींनाही ते दिसलं नाही. दिसलं फक्त मला! माझा इतका जळफळाट आयुष्यात झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. प्रज्योत आणि तेजस्विनीही आले. पिवळं झबलं यावेळी पिशवीत नव्हतं, तेजस्विनीच्या खांद्यावर होतं.

"तपासणीत काही निघो, आम्ही हिला नेणार," प्रज्योत आल्या आल्या म्हणाला. "मागच्या वेळी मी उठून गेलो, ते माझं चुकलं."

डॉक्टरांनी सगळ्यांना गप्प केलं. मावशीचा आवाज नको, त्याची सवय असेल, असं म्हणून त्यांनी तेजस्विनीला मागे उभं केलं. ती अगदी हळू म्हणाली, "गौरवी."

माझ्यात पडलेली मुलगी वळली. नुसती मान नव्हे, अख्खी वळली, आणि कठड्यातून तिनं हाक कुणी मारली ते शोधलं. तेजस्विनी खालीच बसली. डॉक्टरांनी आधीचं वाक्य खोडून नवं लिहिलं. मावशी लंगोट वाळत घालायचे राहिलेत म्हणाली आणि मागच्या दारानं गेली.

कागदपत्रं झाल्यावर गौरवी फोंड्याला गेली. जाताना तिच्या कानात नाव पुन्हा सांगायला मावशी विसरली नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी अशा घरी सेवेला जाल. जरूर जा. पण बाळ उचलायला धावण्याआधी बादली कुठे आहे ते विचारा. आपण किती दिवस राहणार ते आठवा. आणि बाळाला नाव ठेवण्याआधी, ते आधीच कुणीतरी ठेवलंय का, एवढं तरी विचारा!

माझ्या साखळ्यांचं तेल आता सुकलंय आणि करकर परत आली आहे. कालपासून माझ्यात नवं बाळ आहे. त्याचं नाव गौरेश. फक्त गौरेश. उद्या पाचवा गट येतोय, म्हणून घोकून ठेवतोय.