खालचा उतार

घणसोली गावात बर्फाबद्दल काही विचारायचं असलं तर नमिताला विचारा, असं आमच्या आळीत ठरूनच गेलं होतं. डिसेंबरच्या सुट्टीत शाळेच्या कॅम्पला ती पाच दिवस हिमाचलात स्कीइंग शिकून आली. जी पोरगी घरी पाहुणे आले की स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, ती परत आल्यावर बोलायची थांबेचना. दुधाची पिशवी आणायला गेली तरी अर्धा तास. ते बूट किती जड असतात, गॉगल नसला तर डोळे कसे दिपतात, बर्फ सकाळी काचेसारखा आणि दुपारी साखरेसारखा कसा होतो, सगळं साग्रसंगीत. दुकानदार दत्तूमामा वजनकाट्यावर कांदे ठेवायचे विसरून ऐकत राहायचे, आणि नमिताला आपण दोन इंच उंच झाल्यासारखं वाटायचं.

एवढ्या सगळ्यात खोटं एकच होतं. पण ते घराच्या पायाच्या दगडासारखं होतं, काढलं तर वरचा अख्खा मजला खाली. नमिताने सांगितलं होतं की चौथ्या दिवशी ती चेअरलिफ्टने वरच्या उतारावर गेली आणि तिथून स्की करत खाली आली.

वर ती गेली होती. स्की करत खाली आली नव्हती.

झालं असं, की पहिल्या दिवशी फॉर्मवर ‘नवशिके’ आणि ‘थोडं येतं’ असे दोन चौकोन होते. सेक्टरच्या बागेत रोलर स्केट्स चालवता येतात म्हणून नमिताबाईंनी दुसऱ्यावर खूण केली. तीन दिवस सगळेच खालच्या उतारावर होते, त्यामुळे निभावलं. चौथ्या दिवशी ‘थोडं येतं’वाल्यांना वर नेलं. वर पोचून नमिताने खाली पाहिलं, आणि ती जी खाली बसली ती उठेचना. सरांनी दहा मिनिटं समजावलं. मग तिला त्याच लिफ्टच्या परतीच्या खुर्चीत बसवून दिलं. खाली जाणाऱ्या रांगेत ती एकटी, आणि समोरून वर येणाऱ्या प्रत्येक खुर्चीत तिच्या वर्गातलं कुणीतरी. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळून एकेक चेहरा गेला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पाचव्या दिवशी ती पुन्हा खालच्या उतारावर, सहावी-सातवीच्या मुलांत.

शाळा वाशीला, गाव घणसोलीत. ही खबर गावात आणणारं कुणी नव्हतं. म्हणून नमिताने गावापुरता चौथा दिवस नव्याने रचला, आणि तो इतका झकास जमला की कधीकधी तिचा तिलाच खरा वाटे.

मग जागृतीताईने बॉम्ब टाकला. ती म्हणाली, मला स्की शिकायचंय.

जागृतीताई म्हणजे नमिताच्या पुतळाकाकीची मुलगी. तीन वर्षांपूर्वी कोपरखैरण्याच्या वळणावर स्कूटरवरून पडली आणि घोट्याचा चुरा झाला. आत पट्टी नि सहा स्क्रू बसले. आठ महिने घरात. डॉक्टरांनी आता सगळं करायची परवानगी दिली होती, पण रस्ता जरा उतरता असला तरी ती भिंत धरून चालायची. आणि हीच ताई म्हणत होती, ऑफिसातून आठवडाभराची रजा मंजूर झालीय, मी जाणार. नमिताचे किस्से ऐकूनच तिने हे मनात घेतलं होतं.

तिने दोन ठिकाणं शोधली होती. एक धारकोट, जिथं चेअरलिफ्ट होती आणि लांबच लांब उतार. दुसरं बुरांसथाच, एक छोटंसं गाव, जिथं नुसतं पसरट कुरण आणि वर ओढून नेणारा दोर. कोणतं घेऊ, असं तिने विचारलं, आणि नमिताने डोळ्याची पापणी न लववता धारकोट सांगितलं. बुरांसथाचचं नाव घेतलं असतं तर तिथलं वर्णन करावं लागलं असतं, आणि त्या असल्या कुरणाची तिला जरा जास्तच माहिती होती. कुरण लहान मुलांचं असतं ताई, ती म्हणाली, दोन दिवसांत बोअर होशील. वर आणखी शहाणपणा केला: फॉर्मवर पायाचं काही लिहू नकोस, नाहीतर तुला खालीच ठेवतील.

त्या रात्री अंथरुणात तिला ताईचं भिंत धरून चालणं आठवत राहिलं. पण बोललेलं मागे घ्यायचं तर चौथा दिवसही मागे घ्यावा लागला असता. कूस बदलून ती झोपली.

बुकिंग रविवारी दुपारी करायचं ठरलं. जागृतीताईचा भाऊ मिथुनदादा लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसला, आणि नमिताला बोलावणं आलं, कारण पुतळाकाकीने अजून होकार दिला नव्हता. काकीची एक रीत होती. दिवाळे गावापासून उरणच्या मोरा बंदरापर्यंत तिने तीसेक लग्नं जुळवली होती, आणि घर बघायला जाण्याआधी ती त्या घरात जेवून आलेल्या माणसाला समोर बसवून खोदून खोदून विचारायची. मुलाचा फोटो बघायची नाही, माणसाचा चेहरा बघायची. लेकीला बर्फावर पाठवायचं तर तीच रीत. आणि बर्फाच्या घरी जेवून आलेली नमिताच.

काकीने तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी पुढे ठेवली आणि सुरुवात केली. उतार केवढा? रुंद हाय का अरुंद? शिकवनारा एक नि शिकनारे किती? गर्दी किती, मागून कोनी येऊन आदळलं तर? उतार संपला की पुढं सपाट हाय, का झाडं? जशी सोयरिकीत विचारावी की सासरा कसा, नणंदा किती, पाणी घरात की विहिरीवर. मिथुनदादा हसत होता, म्हणाला आई, बर्फाची पत्रिकाही मागव. पण नमिताला कळत होतं की काकी अगदी नेमकं तेच विचारतेय जे विचारायला हवं. ती फाडफाड उत्तरं देत गेली. धारकोटला ती कधी गेलीच नव्हती, तिचा कॅम्प दुसरीकडे होता, तरी तिथला उतार तिने रुंद केला, झाडं लांब नेली, शिकवणारे वाढवले.

काकीने तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मग तिने विचारलं, “वर गेल्यावर भीती वाटली, त परत यायला वाट हाय का?”

नमिताने भाकरीचा तुकडा मोडला. डोळ्यांसमोरून लिफ्टच्या खुर्च्या एकामागून एक जायला लागल्या.

“लागतच नाही काकी,” ती म्हणाली. “उतरताना मजा येते.”

काकीने मान डोलावली. म्हणाली, तुझ्या शब्दावर पाठवते गो पोरी. आणि मिथुनदादाला सांगितलं, भर.

तो भरायला लागला. ठिकाण, धारकोट. पातळी, थोडं येतं. नवशिके नको, ताईने सांगितलं, नमि म्हणते त्यांच्यात बालवाडी असते. पुढचा रकाना होता जुन्या दुखापतीचा. जागृतीताई म्हणाली, तो रिकामा सोड.

काकीने विचारलं, का?

“नमि बोलली, नको लिहू. खालीच ठेवतात.”

काकी रागावली नाही. तिने फक्त नमिताकडे वळून पाहिलं, शांतपणे, जसं ती समोर बसवलेल्या माणसाकडे पाहायची. नमिताच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कारण आळीतल्या लहान पोरालाही माहीत होतं: दोन वर्षांपूर्वी मोऱ्याहून जागृतीताईला चांगली मागणी आली होती. मुलगा बंदरावर नोकरीला, घरचं सगळं ठीक. चहा यायच्या आधीच काकीने सांगितलं होतं की पोरीच्या पायात पट्टी हाय, थंडीत दुखतं, जड उचलायचं नाय. लोकांनी चहा घेतला, गोड बोलले आणि परत फोन केला नाही. ताई चार दिवस आईशी बोलली नव्हती. काकी तेव्हा एवढंच म्हणाली होती की लपवून दिलेली पोर कायम धाकात राहते.

जे या बाईने पोटच्या पोरीच्या लग्नासाठी लपवलं नाही, ते नमिता लपवायला सांगत होती. कशासाठी, तर दत्तूमामांच्या दुकानात आपली फुशारकी टिकावी म्हणून.

“दादा, थांब,” ती म्हणाली. आवाज पुन्हा जुना झाला होता, पाहुण्यांसमोरचा. “मी वरून खाली आले नाही.”

मिथुनदादाने वर पाहिलं. “म्हणजे?”

“लिफ्टनं आले. बसून. मला भीती वाटली आणि सरांनी परत पाठवलं. सगळे बघत होते. आणि धारकोट मी बघितलेलंच नाही.”

मिथुनदादा फसकन हसला. म्हणजे आमची हिमकन्या पाळण्यात बसून आली होय, असं काहीतरी म्हणाला. त्याचं हसणं सोपं होतं, ते अंगावरून गेलं. जागृतीताई हसली नाही.

“मी आठ महिने ह्या जिन्यावरून बसून उतरत होते,” ती म्हणाली. “एकेक पायरी. तू खाली उभी राहायचीस. तुझ्यासमोर मला लाज नाही वाटली कधी.”

नमिताला वाटलं, ओट्याच्या लाद्या उचलून खाली शिरावं. तिने मान खाली घातली ती वर करवेना. ताटातल्या चटणीचे जवळे तिला एकेक करून दिसत होते. आता काकी उठवून लावणार, आईला सांगणार, संध्याकाळपर्यंत आळीत होणार.

काकीने ताट बाजूला सरकवलं. “आता पयल्यापासून सांग,” ती म्हणाली. “खालच्या उताराचं. तो त बघितलायस ना?”

तिने पुन्हा तेच सगळे प्रश्न विचारले, त्याच क्रमाने, एकही न गाळता. नमिताने उत्तरं दिली, आणि या वेळी आवाज चढला नाही. उतार असा हवा की उभं राहिलं तर आपोआप घसरून जाणार नाही, थोडं ढकलावं लागेल. शेवटी सपाट हवं, कारण पहिले दोन दिवस थांबता येतच नाही, सपाटीच थांबवते. दोराचा आडवा दांडा कमरेच्या मागे लागतो. त्याच्यावर बसायला गेलं की माणूस पडतो, ती सात वेळा पडली होती. नऊ वाजता बर्फ कडक असतो, अकरानंतर जावं. एका शिकवणाऱ्यामागे सहापेक्षा जास्त असतील तर दुखऱ्या पायाकडे कोण बघणार, हे फोन करून विचारावं. आणि भीती वाटली तर? बूट स्कीतून सुटे करायचे, काठ्या घ्यायच्या, चालत खाली यायचं. पाच मिनिटं लागतात.

“बुरांसथाचला हे सगळं हाय?”

“मला माहीत नाही काकी,” नमिता म्हणाली. “विचारावं लागेल.”

मिथुनदादाने तिथला नंबर लावला आणि फोन तिच्याच हातात दिला. पलीकडच्या बाई पहाडी हिंदीत सावकाश बोलत होत्या. नमिताने एकेक विचारलं, पायातल्या पट्टीसकट. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, मऊ बूट वेगळा काढून ठेवते आणि पहिले दोन दिवस एकटीला शिकवते. काकीने कानाजवळ कान आणून ऐकलं. मग मिथुनदादाने धारकोट खोडून बुरांसथाच भरलं, नवशिकेवर खूण केली, आणि जागृतीताईने दुखापतीच्या रकान्यात स्वतःच्या हाताने टाइप केलं.

नमिता जायला उठली. तिला फक्त घरी जाऊन उशीत तोंड खुपसायचं होतं. पण जागृतीताईने तिच्याकडे न बघता विचारलं, “पडल्यावर उठतात कसं?”

हे मात्र तिला येत होतं. हे तिला सगळ्यांत जास्त येत होतं. पण बसून सांगता येण्यासारखं नव्हतं ते. काकीच्या दारात बाइक चढवायला सिमेंटचा उतार केलेला होता. नमिता ओट्यावरून उतरली, रविवारच्या भर गर्दीत त्या उतारावर आडवी झाली. कोळंबी घेऊन जाणाऱ्या दोन बाया थबकल्या. दत्तूमामा दुकानाच्या फळीवरून वाकून ओरडले, काय गो नमे, चक्कर आली का?

“नाही मामा,” ती पडल्या पडल्या म्हणाली. तोंड लालबुंद झालं होतं. “पडायला शिकवतेय. मी तिथं तेच केलं जास्त.”

मग ती ताईला सांगू लागली. घाई करायची नाही. आधी दोन्ही पाय उताराच्या खालच्या बाजूला घ्यायचे. मग उताराला आडवे करायचे, नाहीतर उठता उठताच घसरशील. गुडघे पोटाशी. वरच्या बाजूला हात टेकायचा आणि त्याच्यावर भार देऊन उठायचं, दुखऱ्या पायावर नाही. ती उठून उभी राहिली, फ्रॉकची सिमेंटची धूळ झटकली.

जागृतीताई भिंत धरून उताराच्या कडेपर्यंत आली होती. चेहऱ्यावर अजून हसू नव्हतं.

“नीट नाही दिसलं,” ती म्हणाली. “परत पड.”

नमिता परत पडली.