भरावाखालचा वाल

डंपरनं मुरूम ओतला तेव्हा हौसा चुलीपाशी होती. दरड कोसळल्यासारखा आवाज झाला नि पाठोपाठ तिच्या नवऱ्याची, दाजीची आरोळी आली. पदर खोचत ती मागच्या खाचराकडं धावली. बघते तर भातकापणीनंतर पेरलेला वाल, आता कुठं शेंगांवर आलेला, अर्धा तांबड्या मुरमाखाली गेलेला. दुसरा डंपर बांध फोडून उलटा येत होता, नि तिचा म्हातारा त्याच्या वाटेत वालात आडवा पडला होता.

"आरं थांबव! मागं मानूस हाय!" हौसा किंचाळली. डंपर गचका खाऊन थांबला.

तिचा पोरगा आदर्श बांधावरून ओरडला, "बाबा, उठा. लोकं बघतात."

"नाय उठायचा. वाल गाडलास, आता बापाला गाड."

"मग पाव्हण्यांच्या खोल्या बांधू कुठं? डोंगरावर तंबू लावले, ते जंगलवाल्यांनी उठवले. जागा वनखात्याची हाय म्हनाले. ही तरी आपली हाय ना?"

"आपली हाय म्हनून उभ्या पिकावर मुरूम वततोस?"

ड्रायव्हरनं एकदा बापाकडं, एकदा लेकाकडं बघितलं आणि भरलेली गाडी तशीच वळवून नेली. त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं तुटलं.

हौसाला दोघांचंही कळत होतं. रोह्याच्या कंपनीतली नोकरी सुटल्यापासून आदर्श घरीच होता. थंडीत मुंबईची माणसं मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी खायला यायची, त्यावर घर चालायचं. राहायला खोल्या झाल्या तर पावसाळ्यातही येतील, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण पोपटीच्या मडक्यात जायच्या शेंगा या खाचरातल्याच. तिनं दिवसदिवस वाकून वाढवलेल्या.

शेतावरच्या पर्यटनाची सरकारी नोंदणी करायला आदर्शनं अर्ज घातला होता. त्याची पाहणी करायला पर्यटन खात्याच्या दिशा मॅडम आल्या, त्या दिवशी त्यानं आईला पडवीत गाठलं.

"आये, मॅडमनी विचारलं तर म्हन, भरावाखालचा तुकडा पडीकच होता. येवढंच बोल."

आतून दाजी खोकला.

मॅडमनी घर बघितलं, न्हाणीघर बघितलं, मग मागं आल्या नि मुरमापाशी उभ्या राहिल्या.

"हे काय?"

"हा तुकडा पडीक होता, मॅडम. दोन खोल्या घालायच्यात."

"नोंदणी शेतकऱ्याला मिळते, पण शेती चालू हवी. शेती बुजवून खोल्या बांधल्या की ते लॉज झालं. त्याची परवानगी निराळी." त्या हौसाकडं वळल्या. "मावशी, इथं खरंच काही नव्हतं?"

आदर्श आईकडं बघत होता. लहानपणी तापानं फणफणला की असाच बघायचा. हो म्हटलं तर पोराचं काम होणार होतं. पण हो म्हटलं की उरलेल्या वालावरही डंपर परत येणार.

"वाल होता," ती म्हणाली. "मीच पेरलेला. माझ्या पोरानं गाडला."

आदर्शची मान खाली गेली.

"मग आज काही होणार नाही. भराव काढा, जमीन लागवडीखाली आणा, मग बोलवा," मॅडम म्हणाल्या नि गाडीत बसल्या.

"आये, तूच माझा गळा कापलास गो," एवढं बोलून आदर्श बाहेर गेला. जेवायलाही आला नाही. हौसानं त्याचं ताट झाकून ठेवलं. आपण पोर तोडलं, हेच मनात.

सकाळी खरखर ऐकून ती उठली. आदर्श एकटाच फावड्यानं मुरूम ओढत होता. डंपरवाल्यानं भराव परत न्यायला नकार दिला होता. घमेलं भरायचं, डोक्यावर घ्यायचं, रस्त्याकडंला ओतून यायचं. ढीग काही हलल्यासारखा दिसत नव्हता. जिथं जमीन उघडी पडली, तिथं वाल पिवळा पडून चेचला होता. हौसा दुसरं घमेलं घेऊन आली. त्यानं ते भरून दिलं.

ऊन वर आलं तेव्हा दाजी पडवीतून उठला. कमरेला हात लावत खाचरात उतरला नि पोरापुढं घमेलं धरलं.

आदर्श थबकला. "बाबा, कंबर धरंल."

"धरू दे. तू भर. पावसाआधी निगाला पायजे."