खंडेनवमीचा अंधार

चाकणच्या एका शेडमधल्या टिश्यू कल्चर लॅबच्या दारात रिकामी कुंडी पडून होती. तिच्यात आधी निगडीच्या अरुंधती वैद्यांची औषधी सर्पगंधा होती. लॅब चालवणाऱ्या योगिनीने तिचे शेंडे काढून बाटल्यांत वाढवायला घेतले आणि पाठोपाठ झाड मूळकूज होऊन गेलं. "झाड परत देईन," असा शब्द तिने वैद्यबाईंना दिला होता.

एका हार्मोनने फुटवे येतात, दुसऱ्याने मुळं. फुटवे आले. मुळांसाठीचं हार्मोन, ऑक्सिन, तिने वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं. बुडाशी नुसती गाठ धरायची आणि पानं गळायची. दसऱ्याच्या तोंडावर मोजकेच फुटवे उरले. ते बाटल्यांतल्या ताज्या पोषक माध्यमात लावून ती अहमदपूरला आईकडे गेली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी परतली, तर ग्रोथ रूममध्ये अंधार. एसी बंद. रॅकला झेंडूचा हार, स्विचबोर्डावर कुंकू.

"ज्योतीराम, लाइट कोणी घालवले?"

ज्योतीराम एका कंपनीच्या पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमधून निवृत्त होऊन इथली यंत्रं सांभाळायचा. "मीच. खंडेनवमी न्हवती का?"

"म्हणून?"

"पूजा झाल्यावर मशीन चालवत न्हाईत म्याडम. कंपनीत मेन स्विच खाली पाडला की दसरा सरल्यावरच वर. सायेब लोक पण हात लावायचे न्हाईत."

"ही प्रेस नाही हो! झाडं आहेत. झाडांना कसली सुट्टी?"

"झाडाला कुठं कुकू लावलंय? रॅकला लावलं."

योगिनीने दिवे लावले. उकाड्याने पिवळ्या पडलेल्या बाटल्या फेकल्या. उरलेल्या ठेवल्या, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ज्योतीराम पुढे बरेच दिवस त्या खोलीच्या दारातूनच बोलायचा.

मग एका सकाळी एका बाटलीच्या बुडाशी पांढरा दोरा दिसला. शेजारच्या बाटलीतही. मुळं.

माध्यम तेच होतं, ऑक्सिनही तेवढंच. बदलला होता तो उजेड, किंवा उष्मा. तिने त्याच रोपांचे शेंडे कापून नव्या बाटल्या लावल्या, एसी चालू ठेवला आणि निम्म्या बाटल्यांवर काळं कापड टाकलं. काही ऑक्सिनं उजेडात लवकर निकामी होतात, हे ती कॉलेजात शिकली होती. रॅकसमोर ते कधी आठवलं नव्हतं.

ज्योतीरामने कापड पाहिलं. "दसरा तर मागंच झाला की म्याडम."

"यांचा आत्ता आहे. हात लावू नका."

"मंग झेंडू आणू?"

"आणा. पण दाराबाहेर ठेवा."

कापडाखालच्या बहुतेक रोपांना मुळं आली. उघड्यावरच्यांना पुन्हा गाठीच. कपांतल्या मातीत हलवल्यावर काही रोपं माना टाकून गेली, काही तगली. त्यातलं सर्वांत दणकट रोप योगिनीने दारातल्या कुंडीत नव्या मातीत लावलं. त्याने नवं पान काढल्यावर ती ज्योतीरामच्या स्कूटरवर मागे बसून, कुंडी मांडीवर घेऊन निगडीला गेली.

वैद्यबाईंनी चष्मा लावून पान पाहिलं. "पान काय, बाटलीतही येतं. मुळं धरलीत का?"

"ओढून बघा."

बाईंनी दोन बोटांत खोड धरून अलगद ओढलं. रोप हललं नाही. त्यांनी आणखी जरा जोर लावला.

"बास की बाई आता!" ज्योतीराम ओरडला.

बाई हसल्या आणि कुंडी उन्हापासून बाजूला, जुन्या जागी ठेवायला घेऊन गेल्या.